दोन तारखांची चकती

बटण दाबलं की ट्रे गुमान बाहेर येत होता. चकती ठेवून ढकलला की तसाच गुमान आत जात होता. हिरवा दिवा लुकलुकायचा, आत काहीतरी घरघरायचं आणि मग सगळं चिडीचूप. पडद्यावर ड्राइव्हचं चिन्ह नावालाही नव्हतं. काल संध्याकाळी संगणक बंद करून ती घरी गेली तेव्हा ते जागच्या जागी होतं.

"अहो, ड्राइव्ह जिवंत आहे," ती फोनवर सांगत होती. "ट्रे उघडतोय, दिवा लागतोय. कम्प्युटरला तो दिसत नाहीये."

"बंद करून चालू केलं का?" तिसऱ्या मजल्यावरून सिस्टिमवाला म्हणाला.

"तीनदा."

"मग चौथ्यांदा करा. काल रात्री सगळ्या मशीनवर नवी सिस्टिम चढवलीये, थोडं इकडचं तिकडे होणारच. आणि बाई, आता सीडी कोण मागतं? लिंक पाठवायची, काम संपलं."

"जुना फोटो हवाय. तीन वर्षांपूर्वीचा."

"नव्या सर्व्हरवर दोनच वर्षांचे फोटो आहेत. त्याआधीचे विसरा."

"विसरू कशी? कपाटात आहेत माझ्या," ती म्हणाली, पण पलीकडे फोन ठेवला गेला होता.

रुग्णालयाच्या स्कॅन विभागात तिला सगळे चकतीबाई म्हणत. पूर्वीचे एक म्हातारे डॉक्टर सीडीला चकती म्हणायचे. ते गेले, त्यांचा शब्द तिला चिकटला. एकोणीस वर्षं ती याच खोलीत बसून पेशंटचे फोटो चकतीवर उतरवत होती. एक प्रत पेशंटला, एक कपाटात. प्रत्येक चकती पाकिटात घालण्याआधी ती पुन्हा लावून पहिला फोटो उघडून बघायची. पहिला फोटो उघडला की चकती चांगली, असा तिचा साधा हिशेब होता.

दारालगतच्या खुर्चीत एक बाई बसली होती. वय पस्तिशीच्या आतबाहेर, केस घट्ट बांधलेले, डावा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. ती बसची कंडक्टर होती. गेल्या आठवड्यात तिच्या मेंदूचा स्कॅन झाला होता आणि उजव्या बाजूला गाठ निघाली होती. दुसऱ्या शहरातल्या सर्जनने तिला उद्या सकाळी बोलावलं होतं आणि दोन्ही फोटो घेऊन या म्हणून बजावलं होतं: आत्ताचा आणि तीन वर्षांपूर्वीचा. तीनची गाडी होती. घड्याळात दहा वाजत आले होते.

"होईल का हो?" कंडक्टरने विचारलं.

"बघू. रुसलाय नुसता."

"आमच्या बसचं दारही असंच. बाहेरून लाथ घातली की उघडतं."

"याला लाथ घालून चालत नाही, नाहीतर केव्हाच घातली असती," चकतीबाई म्हणाली आणि टेबलाखाली शिरली.

तिने संगणकाचा डबा उघडला. ड्राइव्हची केबल काढली, फुंकर मारून दुसऱ्या खाचेत लावली. पुन्हा चालू केलं. चिन्ह नाही. मग ज्या यादीत संगणकाला जोडलेली सगळी यंत्रं दिसतात ती काढली. तिथे ड्राइव्हचं नाव होतं, पण त्याच्यावर पिवळा त्रिकोण आणि आत उद्गारचिन्ह. म्हणजे संगणकाला पाहुणा आल्याचं कळत होतं, पण तो त्याला घरात घेत नव्हता. तिने यादीतून ते नाव काढून टाकलं, मशीन पुन्हा सुरू केलं. नाव परत आलं, त्रिकोणासकट.

नवी सिस्टिम दरवेळी सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं घेत होती. त्या वेळात दोघी बोलत होत्या, म्हणजे कंडक्टर बोलत होती.

"तीन वर्षांपूर्वी डेपोतच चक्कर येऊन पडले. मग इथेच फोटो काढला. रिपोर्ट आला, काही नाही. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. घरची सीडी कुठे गेली तेही मग कोणी पाहिलं नाही. पण चक्कर काही जाईना." ती जरा हसली. "सासूबाई म्हणाल्या, फोटोत काही नाही म्हणजे अंगातही काही नाही. नवऱ्याला वाटायचं, ड्युटी टाळायला करते. डेपोत तर मला नावच पडलं, नाटकवाली. पुढे पुढे मी सांगायचंच सोडलं. डोकं दुखलं तरी गप्प. गेल्या महिन्यात चालत्या बसमध्ये डाव्या हाताने दांडा धरला होता, आणि हाताने तो सोडून दिला. मी नाही सोडला, हाताने सोडला. कळतंय ना?"

"कळतंय," चकतीबाई म्हणाली.

"मिस्टर बाहेर उभे आहेत. आत या म्हटलं तर येत नाहीत. दवाखान्याचा वास सहन होत नाही म्हणतात."

साडेअकराला चकतीबाईला तिची वही आठवली. आठ वर्षांपूर्वी अशीच एकदा नवी सिस्टिम आली होती आणि अस्साच ड्राइव्ह गायब झाला होता. तेव्हा बाहेरून आलेल्या इंजिनिअरने काय काय केलं ते तिने मागे उभं राहून जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. वही खणाच्या तळाशी सापडली. चकत्या लिहिणारा जुना प्रोग्रॅम नव्या सिस्टिमला चालत नाही, म्हणून ती त्याला काढून टाकते. पण त्या प्रोग्रॅमच्या दोन नोंदी आत खोलवर तशाच राहतात आणि ड्राइव्हची वाट अडवतात. त्या दोन नोंदी शोधून पुसायच्या. चुकून तिसरं काही पुसलं तर अख्खं मशीन बसायचं, हे वहीत लाल पेनाने लिहिलं होतं.

तिने पुन्हा वर फोन लावला. "मला आत शिरायचा पासवर्ड द्या."

"बाई, तुम्ही नका त्या भानगडीत पडू."

"मग तुम्ही खाली या."

तो खाली येणार नव्हता. त्याने पासवर्ड सांगितला आणि कुठे लिहून ठेवू नका म्हणाला. वहीत तो आठ वर्षांपासून लिहिलेला होता, कोणी बदलला नव्हता.

तिने आधी त्या नोंदींची एक प्रत काढून बाजूला ठेवली. मग चष्मा पुसून एकेक अक्षर वहीशी ताडून बघत ती आत आत गेली. लांबलचक आकडे आणि अक्षरं, एकासारखं दुसरं. दोन्ही नोंदी सापडल्या. पुसताना तिचं बोट क्षणभर अडलं. कंडक्टर उठून जवळ आली होती, लंगडत.

"दाबा," ती म्हणाली. "पुढचा स्टॉप आला."

मशीन बंद झालं, चालू झालं. बारा मिनिटं लागली. आणि चिन्ह आलं, जसं काही कुठे गेलंच नव्हतं.

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. चकतीबाईने कंडक्टरला पाणी प्यायला पाठवलं, कपाटातून त्या वर्षाचा खोका काढला, तारखेवरून चकती शोधली आणि लावली. जुनी चकती आधी खरखरली, मग सुरळीत फिरायला लागली.

पहिला फोटो उघडला. चकती चांगली होती. एरवी ती इथेच थांबायची. पण सकाळपासूनच्या खटपटीने तिला त्या फोटोंबद्दल आपुलकी वाटायला लागली होती. ती एकेक पुढे सरकवत गेली. अकराव्यावर थांबली.

एकोणीस वर्षं फोटो बघून माणूस डॉक्टर होत नाही, पण आंधळाही राहत नाही. पडद्यावर डाव्या अंगाला, म्हणजे पेशंटच्या उजव्या, शर्टाच्या बटणाएवढा एक पांढरट डाग होता. बाराव्यावर होता. तेराव्यावरही होता. तिने शेजारी आत्ताचा फोटो उघडला. तीच जागा, तोच कोपरा. बटणाचं लिंबू झालं होतं.

चकतीच्या पाकिटात रिपोर्टची प्रत होती. विशेष दोष आढळला नाही. खाली विभागाच्या मोठ्या डॉक्टरांची सही.

तीन वर्षांपूर्वी ही चकती तिनेच लिहिली होती, तिनेच तपासली होती. पहिला फोटो उघडला होता आणि पाकीट बंद केलं होतं.

मग ती उठली आणि मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली.

चकतीबाईचा नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला तेव्हा ती याच रुग्णालयात आया म्हणून लागली होती. फरशी पुसता पुसता पडद्याकडे बघत उभी राहायची. एक दिवस मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, शिकायचंय का? आणि रोज दुपारी जेवणाची सुट्टी अर्धी करून त्यांनी तिला शिकवलं. माउस धरायला ती कचरायची, तेव्हा म्हणायचे, उंदीर आहे तो, चावत नाही. या खुर्चीत त्यांनीच तिला बसवलं. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला तेच स्वतः गेले होते. गेल्या एकोणीस वर्षांत ती त्यांच्यासमोर कधी बसली नव्हती, आणि ते तिला कधी अगं-तुगं म्हणाले नव्हते.

"सर, एकदा माझ्या खोलीत येता?"

ते आले. उभ्यानेच दोन्ही फोटो पाहिले. मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा पाहिले. चष्मा काढला, परत घातला. रिपोर्ट वाचला, तारीख वाचली.

"त्या दिवशी किती होते?" ते म्हणाले.

"काय, सर?"

"स्कॅन. त्या दिवशी मी किती स्कॅन पाहिले होते? दुसरे डॉक्टर रजेवर होते तेव्हा. शंभराच्या वर असतील."

तिने रिपोर्ट परत पाकिटात घातला.

"ड्राइव्ह बिघडलाय ना सकाळपासून?"

"आता चालतोय, सर."

"कोणाला माहितीये?"

"मला. पेशंटला."

"वर कळवलंय?"

"चालत नाही म्हणून कळवलं होतं. चालू झाल्याचं नाही कळवलं."

डॉक्टर पडद्याकडेच बघत होते. "हा जुना फोटो तिकडे गेला म्हणून गाठ काही लहान होणार नाही. माझी चार महिन्यांत निवृत्ती आहे."

"सर, गाठ किती वेगाने वाढली ते त्यांना बघायचंय. म्हणून मागितलाय." हे बोलताना तिचा आवाज तिलाच परका वाटला. हे त्यांनीच तिला शिकवलेलं होतं: जुना फोटो शेजारी असल्याशिवाय नवा फोटो अर्धाच असतो.

त्यांनी मान हलवली. उठले. दारापर्यंत जाऊन थांबले, पण वळले नाहीत.

"मी तुम्हाला काही सांगत नाही, बाई. जुना फोटो उघडला नाही म्हटलं, तर आज तरी कोणी विचारणार नाही. एवढंच."

दार हळूच लागलं.

चकतीबाई खुर्चीत बसली. चार शब्द बोलायचे होते फक्त. अहो, जुनी चकती खराब निघाली. कंडक्टरने विश्वास ठेवला असता, सकाळपासून बघत होती ती. डॉक्टर नावाने आणि मानाने घरी गेले असते. कुणाचं काही अडलं नसतं. अडलं असतं ते एका बाईचं, आणि तिचं तर तसंही... चकतीबाईने ते वाक्य मनातल्या मनातही पुरं केलं नाही. तिने कोरी चकती ट्रेमध्ये ठेवली, दोन्ही तारखांचे फोटो निवडले आणि लिहायचं बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत गेली. तिला रडू येत नव्हतं. नवऱ्याची बातमी घेऊन मुकादम दारात उभा होता तेव्हाही आलं नव्हतं.

कंडक्टर परत आली तेव्हा पाकिटावर नाव लिहून झालं होतं.

"दोन्ही आहेत?"

"दोन्ही आहेत."

"जुना उघडला? बघितला तुम्ही?"

"उघडला."

कंडक्टरने पाकीट हातात घेतलं, पण गेली नाही. "तेव्हा काही नव्हतं ना?"

"तिकडचे डॉक्टर शेजारी लावून बघतील. मी काय सांगणार? मी चकत्या लिहिणारी."

"बाई," कंडक्टर म्हणाली, "मी रोज पाच-सातशे चेहरे बघते. कोणाकडे तिकीट नाही, ते त्याने खिशात हात घालायच्या आधी कळतं मला. तुम्ही माझ्याकडे बघत का नाही?"

चकतीबाईने वर बघितलं. बघितल्यावर लपवण्यासारखं काही उरलं नाही.

"होतं?"

"होतं."

कंडक्टर खुर्चीत बसली. चकतीबाईला वाटलं, आता ही ओरडेल, टेबलावरचं काहीतरी फेकेल, डॉक्टरांचं नाव विचारेल. तिने पाण्याचा पेला पुढे केला. कंडक्टरने तो घेतला नाही.

"म्हणजे मी नाटक करत नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"तीन वर्षं मला वाटत होतं, माझ्या मनाचेच खेळ आहेत. इतके जण म्हणतात तर असतीलच. सकाळी उठवायचं नाही तेव्हा मी स्वतःलाच शिव्या घालायचे. कामचुकार म्हणायचे स्वतःला." तिने उजव्या हाताने डावा हात उचलून टेबलावर ठेवला. "दाखवा मला."

दाखवायचा अधिकार चकतीबाईला नव्हता. तिने पडदा फिरवला. अकरावा फोटो काढला आणि पेनच्या टोकाने, काचेला न लावता, जागा दाखवली.

कंडक्टर खूप वेळ बघत राहिली. "एवढुसं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मिस्टरांना बोलवाल का आत? मी बोलावलं तर यायचे नाहीत."

चकतीबाई बाहेर गेली. जिन्याच्या कोपऱ्यात एक उंच माणूस बोटांनी चावी फिरवत उभा होता. "आत या," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, तो मुकाट्याने मागोमाग आला. दार तिने बाहेरून ओढून घेतलं आणि आपल्याच खोलीबाहेर उभी राहिली. आतून मोठ्याने कोणी बोललं नाही. बऱ्याच वेळाने दोघं बाहेर आली, तेव्हा पाकीट त्याच्या हातात होतं, आणि दुसऱ्या हाताने त्याने तिचा डावा हात धरला होता. दोघं जिना उतरून गेली, एकेक पायरी.

पुढे व्हायचं ते झालं. तिकडच्या सर्जनने रुग्णालयाला पत्र पाठवलं, चौकशी बसली. लांब टेबलापलीकडे पाच माणसं होती. जुना फोटो कोणी दिला, असं विचारल्यावर चकतीबाई म्हणाली, मी दिला. पेशंटला पडद्यावर कोणी दाखवला? मी दाखवला. देऊ नका असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?

मोठे डॉक्टर टोकाच्या खुर्चीत बसले होते. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "नाही. कोणी सांगितलं नाही."

डॉक्टरांनी चूक माझी होती असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं, हे तिला नंतर कळलं. निवृत्तीच्या आधीच त्यांना रजेवर जायला सांगितलं. शेवटच्या दिवशी ते विभागात सगळ्यांना भेटायला आले. प्रत्येकाशी दोन शब्द बोलले, सिस्टिमवाल्याशीसुद्धा. तिच्यासमोर आल्यावर थांबले. काही बोलतील म्हणून ती वाट बघत राहिली. ते बोलले नाहीत; त्यांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली आणि पुढे गेले. त्या दिवशी घरी जाऊन तिने मुलीला फोन लावला, आणि मुलगी हॅलो हॅलो करत असताना तो तसाच ठेवून दिला.

चकतीबाईला चकत्यांच्या खोलीतून काढून बाहेर नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. शिक्षा असं कोणी म्हणालं नाही. ड्राइव्ह सगळ्या मशीनमधून काढायचं आधीच ठरलं होतं, असं तिला सांगण्यात आलं, आणि ते खोटंही नव्हतं. नवे लोक तिला नोंदणीवाल्या काकू म्हणू लागले.

वर्ष होऊन गेलं असेल. एका सकाळी खिडकीसमोर रांगेत तो उंच माणूस उभा होता. त्याचा नंबर आला.

"पेशंटचं नाव?" तिने सवयीने विचारलं आणि मग ओळखलं.

"पेशंट नाही," तो म्हणाला. "ती गेली. महिना झाला."

चकतीबाईचे हात कळफलकावर थांबले.

"तुम्हाला सांगावं असं वाटलं. का ते माहीत नाही." तो खिडकीच्या कठड्याकडे बघत बोलत होता. "शेवटी बोलता येत नव्हतं तिला. पण त्या दोन फोटोंचे कागद काढून घेतले होते तिने, उशीखाली ठेवायची. घरी कोणी बघायला आलं की मला खुणेने सांगायची, दाखव. हा तेव्हाचा, हा आत्ताचा. सगळ्यांना दाखवले मी. माझ्या आईला दाखवले. डेपोतली माणसं आली होती, त्यांना दाखवले. ती फोटोकडे बघायचीच नाही. दाखवताना त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची."

"आणि तुम्ही?" चकतीबाईने विचारलं. का विचारलं तिलाच कळलं नाही.

"मी दाखवत होतो ना," तो म्हणाला. "दर वेळी मीच."

मागच्या म्हाताऱ्याने खाकरून फाइल पुढे केली. माणूस बाजूला झाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. चकतीबाईने म्हाताऱ्याचं नाव लिहून घेतलं, वय विचारलं, पावती दिली. मान वर करून बघितलं तर तो तिथेच होता. पुढची बाई आली, तिचं लेकरू रडत होतं. नाव, वय, पावती. तो तिथेच होता. असे सहा-सात नंबर झाले. मग एकदा तिने वर बघितलं, तर भिंतीपाशी कोणी नव्हतं, आणि खिडकीसमोर पुढचा माणूस कागद घेऊन वाकला होता.

"नाव सांगा," ती म्हणाली. "सावकाश सांगा."